पडद्याच्या कापडातली ताई

४ मार्च

ठिपके,

आशीर्वाद, खुशाली वगैरे शेवटी, जागा उरली तर. आधी भांडण.

तुझ्या प्रदर्शनाचं निमंत्रण गेल्या आठवड्यात पोस्टाने आलं. जाड, गुळगुळीत कार्ड आणि त्यावर आपलंच घर. हिवाळ्यात आलीस, लॉजवर उतरलीस, रोज आमच्या दिवाणखान्यात बसून वही भरलीस, तेव्हा विचारलं होतं मी, काय चाललंय. "नुसता सराव गं," म्हणालीस. सराव असा छापून गावभर वाटतात हे मला माहीत नव्हतं.

फोनच करणार होते. पण फोनवर मी ओरडते, तू गप्प बसतेस आणि शेवटी वाईट मीच ठरते. कागदावर निदान मला पुरतं बोलता येईल. मधली सुट्टी आहे, रिकाम्या वर्गात बसून लिहितेय.

तुझी पद्धत मला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या चित्रांत चेहरे सगळे सारखेच, अंड्यासारखे. बोलतात ते कपडे. कोण कोणाचं आहे ते नक्षीवरून कळतं. एकाच्या अंगावरचा रंग दुसऱ्याच्या बाहीवर उतरतो, नाहीतर नाही उतरत. त्या हॉटेलवाल्या दोन भावांना तू एकाच पट्ट्यांचे कोट दिलेस, एकाचे पट्टे उभे, एकाचे आडवे, आणि वर्षाच्या आत त्यांनी हॉटेलात मधोमध भिंत घातली. लोक तुझ्यासमोर बसायला बिचकतात म्हणे. दुसऱ्यांच्या घरांची शिवण तू उसवायचीस तेव्हा मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. आता आपली पाळी आली.

मधे खुर्चीत आई, गडद लाल, त्यावर पांढरी वर्तुळं. तिच्या उजव्या हाताला दादा, आईच्याच लाल रंगाचा शर्ट, पण वर्तुळ एकही नाही. तो खूश आहे, "मी आईवर गेलोय" म्हणून सगळ्यांना कार्ड दाखवत फिरतोय. वहिनी हिरव्या पट्ट्यांत, फक्त एका बाहीच्या काठाला लाल. ती मात्र कार्ड बघून हसली. "बरोबर आहे," म्हणाली, "तेवढंच लागलंय मला." बाबांचा तो राखाडी चौकड्यांचा शर्ट तू फरशी करून टाकलास आणि आम्हा सगळ्यांना त्यावर उभं केलंस. ते बघून मी तुला माफ करायच्या बेतात होते. तू स्वतः दाराशी, साधी निळी. ना नक्षी, ना कोणाच्या रंगाचा शिंतोडा.

आणि मी? आईच्या खुर्चीमागे, पडद्याला लागून. पडदा पिवळा, हिरव्या पानांचा. माझे कपडेही तेच. तोच पिवळा, तीच पानं. पडद्यावरचं अर्धं पान माझ्या खांद्यावर येऊन पुरं होतं. खुर्चीच्या पाठीवर दोन हात आहेत म्हणून कळायचं की इथे कोणीतरी आहे. शेजारचे दातांचे डॉक्टर कार्ड बघून मलाच विचारतात, "बाई, तुम्ही नव्हता का त्या दिवशी घरी?"

अठ्ठावीसला प्रदर्शन उघडेल. त्याच्या आत माझा रंग बदल. मला पडद्यातून बाहेर काढ. तुझ्यासाठी दोन दिवसांचं काम आहे.

आईला चित्र आवडलं. चष्मा लावून बराच वेळ बघत होती.

आणखी एक, दादाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी शाळा सोडतेय. आईचं खुब्याचं हाड जुळलं, पण मागच्या महिन्यात ती दुपारी वॉकरसकट पुन्हा पडली. तिला दिवसभर एकटं ठेवता येत नाही. परकी बाई तिला घरात नको आणि दादालाही नको. दादा म्हणाला, "तूच तर आहेस घरात." वीस तारखेपर्यंत राजीनामा दिला की पुढच्या वर्षासाठी शाळेला गणिताची दुसरी बाई शोधता येईल. हे ठरलंय. माझं मीच ठरवलंय. त्यावर तुझं मत मागितलेलं नाही.

ताई

९ मार्च

ठिपके,

तुझं उत्तर मिळालं. एका बाजूला चार ओळी आणि दुसऱ्या बाजूला रंगांचे चौकोन. दुकानदार भिंतीच्या रंगाचा नमुना देतो तसे.

तू लिहितेस, "ताई, मी मनाचं काही घातलं नाही. समोर होतं ते काढलं." वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणत मी शाळेतून घरी आले, कपडे बदलले, आईला औषध द्यायला दिवाणखान्यात गेले आणि तिथेच उभी राहिले.

तो गाऊन, ठिपके. दिवाणखान्याचे पडदे शिवले तेव्हा कापड उरलं होतं. चांगलं जाड, धुऊन रंग न जाणारं. टाकून द्यायचं? आपल्या घरात कधी उरलेलं कापड टाकलंय? बाबांच्या पँटच्या पिशव्या व्हायच्या, जुन्या चादरींचे उशांचे अभ्रे. शाळेच्या स्नेहसंमेलनातला तुझा फ्रॉक टेबलावरच्या कापडाचा होता आणि त्यात तू फार मिरवली होतीस. मी त्या उरलेल्या कापडाचा घरात घालायला गाऊन शिवला. तो फाटेना, म्हणून वर्षानुवर्षं घालतेय. संध्याकाळी शाळेतून आले की पडद्यासमोर पडद्याचंच कापड घालून वावरते, आणि हे मला कळलं तुझ्या कार्डावर छापून आल्यावर. आई रोज बघते, दादा रविवारी बघतो. एकाही शहाण्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. आधी मला हसू आलं. मग नाही आलं.

तरी मी तुला सोडत नाही. समोर होतं म्हणून काय सगळंच काढायचं? भिंतीवरची ओल नाही काढलीस ती.

आणि हे काय, "बदलते, पण रंग तू सांग, मी ठरवणार नाही"? अगं, चित्रकार तू की मी? मला वाटलं, यात काय मोठंसं, पाच मिनिटांत सांगते. ते चौकोन घेऊन शिक्षकांच्या खोलीत बसले. खेळाचे सर म्हणाले, "बाई, तुमचा रंग पांढरा, खडूचा." चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, तपकिरी, भारदस्त दिसेल. मला निळा बरा वाटला, पण तो तू आधीच घेऊन बसली आहेस. लाल घेतला तर आईची होते. हिरवा वहिनीचा. घरी आईसमोर ठेवले. तिने एकेक चौकोन निरखला आणि बोट ठेवलं पिवळ्यावर. "हा घे. पडद्याला जातो."

ठिपके, मी चौकोन गोळा केले. चहा टाकायला उठले.

एवढं सोपं उदाहरण मला सुटेना. वर्गात कोणी असं केलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. तूच ठरव आणि बदल. पिवळा सोडून काहीही चालेल.

ताई

१४ मार्च

ठिपके,

माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभं राहायला तुला कोणी सांगितलं होतं?

हिवाळ्यात इतके दिवस इथे होतीस. घरी समोर बसून वही भरत होतीस. मग चोरासारखं शाळेत यायचं कारण? शिपायाला म्हणे तू सांगितलंस, मी पालक आहे. त्याला आत्ता जाऊन विचारलं, तो म्हणतो, "होय, एक बाई आल्या होत्या, मला वाटलं त्या ढ मुलाची आई." बरं झालं.

तू लिहितेस, व्हरांड्यात उभी राहून तू माझा अर्धा तास ऐकलास. मी कोन शिकवत होते, दरवाजा उघडून आणि मिटून. मागच्या बाकावरचा कोणी काहीतरी बोलला, मी त्याला उत्तर दिलं आणि सगळा वर्ग हसला, मीही हसले. "तुझा तो आवाज मी घरात कधी ऐकला नाही," असं तू लिहितेस. "तिथे तुझा एक रंग होता. मी वहीत लावून बघितला, घरातल्या कोणाशीच तो जुळत नव्हता. मग तुझ्यामागे घरी आले तर तू पडद्यापुढे उभी होतीस. यातली कुठली ताई काढू ते मला ठरवता आलं नाही. ज्या खोलीचं चित्र होतं तिथली काढली."

हे तू मला आत्ता सांगतेस? राजीनाम्याला सहा दिवस उरले असताना? दुरून डोंगर साजरे, ठिपके. अर्धा तास व्हरांड्यात उभं राहून माझा रंग बघणं सोपं आहे. संध्याकाळी आईचा पाय उचलून पलंगावर ठेवायला, तिला कूस बदलून द्यायला रंग लागत नाही, हात लागतात. तेवढे दोन तू काढले आहेस चित्रात, त्याबद्दल आभार.

बाबा गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलीस आणि मी तुला म्हटलं, पाहुणी आहेस, पाहुणीसारखी राहा. तू ते धरून बसलीस, घरात झोपायचंच सोडलंस. मी ते परत घेत नाही. पाहुणेच घर असं लांबून बघतात आणि बघून निघून जातात.

काल दादा आला होता. राजीनामा टाइप करून घेऊन आला. माझं नाव, हुद्दा, "घरगुती कारणास्तव", सगळं तयार. पेनाचं टोपण काढून पेनसुद्धा पुढे केलं. "तुला त्रास नको म्हणून," म्हणाला. मी म्हटलं, ठेव, करते सही. तो म्हणाला, आत्ताच कर ना. मी म्हटलं, हात ओले आहेत. हात कोरडे होते, ठिपके. त्यानेही ते बघितलं. मग तो चिडला. "तुझ्या मनात काय आहे ते स्पष्ट बोल. आईला काय रस्त्यावर ठेवायचं?" वहिनी म्हणाली, "अहो, दिवसाची बाई ठेवून बघू की महिनाभर." तिला तो म्हणाला, "तू यात पडू नकोस." ती मुकाट्याने पर्स उचलून बाहेर गाडीत जाऊन बसली. मला तिची ती एक बाही आठवली.

आई सगळं ऐकत होती. दादा गेल्यावर म्हणाली, "सही करून टाक. त्याचं डोकं दुखतं मग."

रंग बदललास का? चित्र गाडीत चढवायच्या आत कळव.

ताई

१९ मार्च

ठिपके,

पहिल्या पत्रात मी तुला एक अर्धंच लिहिलं होतं. आईला चित्र आवडलं, बराच वेळ बघत होती, एवढंच. पुढचं लिहायला हात धजला नाही. आज लिहिते, कारण त्याशिवाय कालचं तुला कळणार नाही.

कार्ड आलं त्या दिवशी मी ते आईच्या हातात दिलं आणि खुर्चीमागे उभी राहिले. ती बोट फिरवत एकेकाला ओळखत गेली. ही मी. हा आपला दादा. ही सूनबाई. ही धाकटी, दाराशी, पळायच्या तयारीत. मग बोट खाली फरशीवर गेलं आणि थांबलं. "अगं, हा यांचा शर्ट," म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. हात पोळला तरी हलायची नाही अशी आपली आई, ती फरशीवरून बोट फिरवत राहिली. मग कार्ड मिटून म्हणाली, "छान काढलंय हो. सगळे आलेत."

मी मागेच उभी होते. फरशीतले बाबा तिला दिसले. पडद्यातली मी नाही दिसले.

ती वाईट नाही, ठिपके. तिची नजर अधू झालीय असं मी स्वतःला सांगितलं. पण चौकड्या दिसतात तर माणूस दिसू नये? त्या दिवशी मला तुझा राग आला तो यामुळे. तू काढलंस म्हणून नाही. तिला दिसलं नाही म्हणून. आणि ते तिला सांगायच्या ऐवजी मी वड्याचं तेल वांग्यावर काढत बसले.

काल संध्याकाळी दादाला आणि वहिनीला मीच बोलावलं. टाइप केलेला कागद आईसमोरच्या टेबलावर ठेवला, सही न करता. म्हटलं, मी शाळा सोडत नाही. दिवसाची बाई येईल, सकाळी सात ते चार. मी तिच्याशी बोलून आलेय, रुग्णालयात काम केलेली आहे, हाताला हलकी आहे.

दादा उभाच राहिला. "आणि आईला परकी बाई नको असेल तर?"

मी म्हटलं, "मग तू ये."

"माझं ऑफिस आहे."

"माझी शाळा आहे."

"ऑफिस आणि शाळा सारखंच झालं का?"

वहिनी दारातून म्हणाली, "सकाळी सातला दोन्हीकडे जावंच लागतं. त्यात काय वेगळं?" दादाने तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता घरी गेल्यावर तिचं काही खरं नाही. ती मात्र या वेळी गाडीत जाऊन बसली नाही. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

मग आई बोलली. तुला तिचा तो आवाज माहीत आहे, हळू, सगळ्यांना अपराधी करणारा. "मला बघणारं आता कोणी उरलं नाही, असंच ना?"

मी म्हटलं, "आई, तुला तीन मुलं आहेत. तिघं बघतील."

"धाकटी कसली येतेय."

"येईल."

"तू तिला विचारलंस?"

मी म्हटलं, "मला तरी कोणी विचारलं होतं?"

दादाने तो कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. फाडला नाही. त्याला अजून वाटतंय मी आज-उद्या नरमेन. दाराशी मला म्हणाला, "आईला काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर." रात्रभर ते डोक्यात होतं. मला भीती वाटते, ठिपके. खरंच काही झालं तर? बाथरूमची फरशी ओली असते. त्या बाईचा हात सुटला तर? ही भीती घेऊनच मी आज शाळेत आले आणि मोठ्या बाईंना सांगितलं की पुढच्या वर्षी मी आहे. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच नव्हतं तुम्ही जाल." म्हणजे मी जाणार हे फक्त घरानेच गृहीत धरलं होतं.

ताई

२२ मार्च

ठिपके,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोन दिवसांत रंग बदलता येईल, फक्त कोणता ते सांग, असं पुन्हा विचारलंयस.

बदलू नकोस. जसं आहे तसं टांग. ते खरं आहे आणि तुझं आजवरचं सगळ्यांत चांगलं चित्र आहे, असं मी म्हणते. मला चित्रातलं काही कळत नाही तरी म्हणते. दातांच्या डॉक्टरांना मी स्वतः घेऊन येणार आहे बघायला. लोकांना शोधू दे मला. सापडले नाही तर विचारतील.

पण एक जागा चुकली आहे, ती मी तुला दाखवते. तुझा निळा.

सगळ्यांचं तू बरोबर पाहिलंस. दादाने आईचा रंग घेतला, नक्षी घेतली नाही. वहिनीला काठापुरतं लागलं. बाबांवर सगळे उभे. मी पडदा. आणि स्वतःवर आलीस तशी ब्रश धुऊन टाकलास. साधा, स्वच्छ निळा, कोणाचा शिंतोडा नाही. आई तुझीही आहे ना? तापात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसली होती ती तुला, मला आठवतं, मी पाणी आणून देत होते. तिचं एक वर्तुळ तुझ्या अंगावर कुठेतरी असणार. तू ते काढलं नाहीस, कारण काढलं असतं तर तुला दारापासून आत यावं लागलं असतं.

म्हणून हे पत्र रंगाबद्दलचं नाही. प्रदर्शन आठवडाभर आहे. ते संपलं की पुढचा महिना तुझा. लॉज नाही, घरात राहायचं, माझ्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर. नवीन बाईला आई हात लावू देत नाही, काल तिने तिला दोनदा हाकललं. तुझ्यापुढे तिची जीभ तेवढी चालत नाही, कारण तू निघून जाशील अशी तिला धास्ती असते. तो एक फायदा आम्हाला कधी मिळाला नाही. त्यानंतरचा महिना दादाचा. वहिनी म्हणाली आहे की तो येईल. कसा ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग माझा.

रंग घेऊन ये. आई दिवसभर खुर्चीत असते, तुझ्यासमोर बसेल. पण पाय उचलून पलंगावर ठेवायची वेळ झाली की ब्रश खाली ठेवायचा.

मी तुला विनंती करत नाहीये. रागावून येणार असशील तर रागावून ये, पण ये.

आज सकाळी मी शाळेची पिशवी भरत होते. आईने विचारलं, "धाकटी कधी येणार?" म्हटलं, प्रदर्शन संपल्यावर. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मी चपला घालून दारात पोचले तेव्हा तिने पुन्हा हाक मारली. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा तुझंच. तर म्हणाली, "आणि तू कधी येणार?"

इतक्या वर्षांत तिने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, चार वाजता. एखादवेळी उशीर होईल.

ताई